वांग्याच्या फुलाच्या रंगाचा पक्षी

तो पक्षी दिसला तेव्हा माझ्या दोन्ही हातांत झाकण न लावलेला रंगाचा डबा होता, आणि तो मी खाली टाकला नाही याचं मला अजूनही कौतुक वाटतं.

मी रंगाच्या दुकानात रंग कालवायचं काम करते. पुढे मालक बसतात, गिऱ्हाइकांशी गोड बोलतात आणि त्यांना नको ते ब्रश विकतात. मागच्या खोलीत मी, रंगाचे थेंब सोडणारं मशीन, डबे घुसळणारं दुसरं मशीन आणि एक खिडकी. खिडकीबाहेर मागच्या इमारतीची राखाडी भिंत आहे, भिंतीला एक अरुंद कठडा आहे. बघण्यासारखं तिथे काहीही नाही, म्हणूनच मी तिथे बघते. सकाळपासून रंग बघून डोळे शिणले की त्या भिंतीवर थोडा वेळ नजर टेकवायची, की पुन्हा रंग जसेच्या तसे दिसायला लागतात. मालकांना वाटतं मी टाइमपास करते. वाटू दे.

त्या दुपारी डबा उचलून मी वळले, नजर सवयीने कठड्याकडे गेली, आणि तिथे तो होता. छाती जांभळट. जांभळी नव्हे, जांभळट. वांग्याचं फूल असतं ना, तो रंग. एक पंख वर उचललेला आणि त्या पंखाच्या कडेलाही तोच रंग. डोकं पंखाआड, त्यामुळे चोच दिसली नाही. बाकी अंग गडद. माझी पापणी लवली न लवली तोच तो कठड्यावरून खाली झाला आणि गेला.

मी डबा ठेवला, खिडकी उघडली आणि मान बाहेर काढून वर-खाली पाहिलं. भिंत होती, कठडा होता, खालच्या बोळात कुणाची तरी सायकल होती.

"मालक," मी पुढे जाऊन विचारलं, "आत्ता मागून एक पक्षी गेला, पाहिलात का? जांभळट होता."

"जांभळा सध्या खपत नाही," मोबाईलमधून मान वर न करता मालक म्हणाले.

दुसरी एखादी बाई हसली असती आणि कामाला लागली असती. मी घाबरले. का, ते आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढचं सगळं वेडेपणाचं वाटेल. तसं ते वाटेलच, पण निदान कारण कळेल.

आमच्या बाबांचं असंच सुरू झालं होतं. बाबा बसगाड्यांचे मेकॅनिक, सरळ माणूस, थापा मारायची अक्कलच नव्हती त्यांना. मी माहेरी गेले होते. सकाळी चहा पिता पिता ते म्हणाले, पलंगाखाली कुत्र्याचं पिल्लू शिरलंय, बाहेर काढा त्याला. मी आणि माझा धाकटा भाऊ, दोघं वाकून बघून आलो. काही नव्हतं. "गेलं वाटतं," बाबा म्हणाले. आम्ही हसलो, तेही हसले. मग ते पिल्लू रोज यायला लागलं. मग बाबांचे हात थरथरायला लागले, पावलं घासत चालायला लागली, आणि एक दिवस त्यांनी आईला अगदी नम्रपणे विचारलं की आपण कोणाकडे आलात. त्यापुढचं मी सांगणार नाही. शेवटी शेवटी डॉक्टरांनी आम्हा दोघा भावंडांना बाजूला घेऊन सांगितलं होतं की हा आजार काही घरांमध्ये पुढे उतरतो. नेहमीच नाही, पण लक्ष ठेवा. तेव्हापासून मी लक्ष ठेवून आहे. मोठी मी, म्हणजे आधी माझा नंबर, असं मी धरूनच चालले होते. आणि बाबांना पिल्लू दिसायला लागलं त्या वयाला मी आता येऊन पोचलेय.

तेव्हा माझ्यापुढे प्रश्न एकच होता. तो पक्षी जगात आहे, की नुसता माझ्या डोक्यात.

माझा नवरा वाचनालयात कामाला आहे. मी त्याला फोन करून पक्ष्यांचं पुस्तक आणायला सांगितलं. त्याला इतका आनंद झाला, की लग्नानंतर मी पहिल्यांदाच त्याच्याकडे पुस्तक मागतेय हे त्याचं घरी येईपर्यंत दोघांना सांगून झालं होतं. चहा घेऊन आम्ही टेबलाशी बसलो.

पुस्तकातले पक्षी मोठे शहाणे असतात. एका बाजूला तोंड करून, चोच, शेपूट, पाय सगळं नीट दाखवत बसलेले. माझ्या पक्ष्याने यातलं काही दाखवलं नव्हतं.

"आकार?" नवऱ्याने विचारलं. "चिमणीएवढा, की कावळ्याएवढा?"

"मधला."

"चोच?"

"दिसली नाही."

"शेपूट?"

"असणारच."

"पाय?"

"अहो, उभा होता म्हणजे पाय होतेच ना."

"म्हणजे पक्षी होता एवढं पक्कं झालं," तो म्हणाला आणि हसत हसत पान उलटलं. एक निळा निघाला, पण त्याच्या पाठीवर तांबूस रंग होता. एक खरंच जांभळट छातीचा निघाला, पण तो समुद्रापलीकडे राहणारा, आणि रंग चुकीचा. त्याच्या जांभळ्यात लाली होती, माझ्या पक्ष्यात राखाडी झाक होती. छपाईत रंग बदलतात, असं नवरा म्हणाला. रंगातलं मला शिकवू नका, असं मी म्हणाले. माझा आवाज चढला होता. त्याने माझ्याकडे पाहिलं, पुस्तकात बोट तसंच ठेवून पुस्तक मिटलं.

"तू बाबांचं डोक्यात घेतलंयस का?"

"नाही," मी म्हणाले, ते इतक्या झटकन की त्याला कळायचं ते कळलं.

"डोळे तपासून घेऊ या का?"

"डोळ्यांना काही झालेलं नाही."

"मग झालं तर."

झालं कसं? डोळे धड असून न-असलेलं दिसणं, यालाच तर मी भीत होते. पण हे त्याच्यापुढे मोठ्याने बोलायला जीभ रेटेना. बोलले तर ते खरंच होईल, असं वाटलं. मी पुस्तक काढून घेतलं आणि पहिल्या पानापासून पुन्हा सुरुवात केली. बगळे, बदकं, घुबडं, सगळी पाहिली. घुबड जांभळट नसतं हे मलाही माहीत आहे.

आमचा धाकटा भाऊ दुकानामागच्या गल्लीतच राहतो, तिसऱ्या मजल्यावर, एकटा. त्याच्या डोक्यावर आता केस उरले नाहीत, तरी आम्ही त्याला छोट्याच म्हणतो. शर्टांच्या कारखान्यात तो कापड कापतो. थरावर थर रचलेलं कापड विजेच्या पात्याने एका फटक्यात, एका रेषेत. लग्न केलं नाही. त्याबद्दल आम्ही सगळ्यांनी बोलून बोलून शेवटी तोंडं मिटली. मला वाटलं, त्याच्या खिडकीतून तोच बोळ दिसतो, पक्षी त्या बाजूला उडाला, कदाचित यालाही दिसला असेल. त्याच्या सुट्टीच्या दिवशी मी गेले आणि अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं.

तो शर्टाला इस्त्री करत होता. हात थांबला.

"कुठे दिसला तुला?"

"दुकानामागे. कठड्यावर."

"आत नाही आला?"

"आत कशाला येईल?"

"नाही, आपलं विचारलं." त्याने इस्त्री उभी करून ठेवली आणि बटण बंद केलं. मग म्हणाला, "हो ताई. मी पण पाहिलाय तो."

माझा जीव भांड्यात पडला. मी खुर्चीत बसलेच. "जांभळट होता ना रे?"

"रंग म्हणजे... उजेडावर असतं ते. तसाच काहीसा."

"केवढा?"

त्याने दोन्ही हातांनी माप दाखवलं. ते मला बारीक वाटलं. "माझा थोडा मोठा होता," मी म्हणाले.

"लांबून मोठा वाटतो."

आता बघा. लांबून वस्तू लहान दिसते, हे शेंबड्या पोरालाही कळतं. आणि जी मी अर्ध्या थेंबाच्या फरकावरून मालकांशी भांडते, तीच मी हे निमूट गिळून बसले, कारण मला ते गिळायचं होतं. दोन माणसांना दिसला म्हणजे तो आहे. मला दुसरं काही ऐकायचंच नव्हतं.

"तू घाबरली होतीस का?" छोट्याने विचारलं.

"मी? छे."

"मी पण नाही," तो म्हणाला, आणि आम्ही दोघं हसत सुटलो. त्याला मी इतकं हसताना बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं. त्याने चहा केला, तो पिऊन होतोय तोवर आणखी एकदा केला. निघताना कोपऱ्यापर्यंत सोडायला आला. हे तो कधी म्हणजे कधी करत नाही. माझ्या आनंदात मला ते नवल वाटलं नाही.

तिथेच मी थांबले असते तर? पण नाही. आता पक्षी आहे म्हटल्यावर त्याचं नाव शोधायची मला खुमखुमी आली. आमच्या दुकानासमोर औषधांचं दुकान आहे, तिथले काका पहाटे दुर्बीण गळ्यात घालून पक्षी बघत हिंडतात. त्यांना मी सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "जांभळट म्हणजे नेमकं काय हो? दहा जण दहा रंगांना जांभळा म्हणतात. तुम्ही तर रंगवाल्या, मला रंगच आणून दाखवा."

हे मला पटलं. मी शेड कार्डं काढून बसले. एकही जुळेना. हा जास्त निळा, तो जास्त गोड. शेवटी म्हटलं, आपणच करू. पांढरा घेतला, जांभळ्याचे थेंब टाकले, मग काळ्याचा एक टिपूस, मग पिवळ्या मातीचा अगदी नखभर. विचार करावाच लागला नाही. हात आपणहून एकेका बाटलीकडे जात होता. पुठ्ठ्यावर फटकारा मारला, पंख्याखाली वाळवला, खिडकीशी नेऊन धरला. तोच. अगदी तोच रंग. मी खूश झाले, आणि मग मला आठवलं.

हा रंग मी आधी केला होता. मागेच एक दातांची डॉक्टरीण आली होती, फुटलेल्या कपाचा तुकडा घेऊन. दवाखान्याला हाच रंग हवा, म्हणे, माझ्या आईचा कप आहे. मशीनने हात टेकले. मग मी ती सगळी सकाळ घालवून तो रंग नुसत्या नजरेने जुळवला होता. तो कुठल्या कार्डात नाही, कुठली कंपनी तो बनवत नाही. तो माझ्या हातांनी आणि माझ्या डोक्याने केलेला रंग होता.

आणि त्या रंगाचा पक्षी मला दिसला होता.

बाहेरचा पक्षी असता तर त्याचा रंग बाहेरचा असता. थोडा इकडे, थोडा तिकडे. पण हा थेंबाथेंबाला माझा निघाला. म्हणजे तो आला कुठून? जिथे तो रंग तयार झाला तिथूनच. बाबांनी आयुष्यभर बसगाड्यांखाली वाकून काम केलं, त्यांना पिल्लू दिसलं ते पलंगाखाली. प्रत्येकाला आपापल्या कामातलंच दिसतं, असं मला वाटलं, आणि वाटल्यावर ते डोक्यातून जाईना. मी पुठ्ठा फाडला, बोटं धुतली, तरी नखांत रंग राहिलाच.

"मिळाला का रंग?" काकांनी रस्त्यापलीकडून विचारलं.

"नाही जमला," मी म्हणाले.

मग छोट्याचं आठवलं. पण त्याचं बोलणं आता माझ्या काही कामाचं नव्हतं. लहानपणी माझ्या हातून काच फुटली की हा पुढे होऊन 'मी फोडली' म्हणून सांगायचा, आणि मार खायचा. मी घाबरलेय हे त्याने ओळखलं असणार, म्हणून म्हणाला असणार की मी पण पाहिला. रंग विचारला तर 'तसाच काहीसा'. माप विचारलं तर भलतंच. सगळं उघड होतं. धाकटा मला सांभाळून घेत होता, आणि मी दोन कप चहा पिऊन आले होते.

त्यानंतरचे दिवस वाईट गेले. मी खिडकीला रिकाम्या खोक्याचा पुठ्ठा लावला. मालकांना सांगितलं, ऊन येतं. त्या खिडकीत कधी ऊन येत नाही, पण मालकांना दुकानाची मागची बाजू ठाऊक नाही. पुठ्ठ्यामुळे डोळ्यांना विसावा राहिला नाही, रंग चुकायला लागले, आणि रंग चुकले की वाटायचं, झालं, सुरू झालं. थेंब सोडताना मी स्वतःच्या बोटांकडे बघत राहायची. थरथरतात का? इतकं रोखून बघितल्यावर कुणाचीही बोटं थरथरतील. रस्त्याने पावलं मुद्दाम उचलून टाकत चालायची, तर नवऱ्याने विचारलं, चिखल आहे का गं. भांडी घासताना सगळ्या चुलत-मावस भावंडांची नावं मनात म्हणायची. एका मावसभावाचं नाव आठवेना तेव्हा साबणाचा हात तसाच धरून मी मटकन खाली बसले. नवरा धावत आला. तेव्हा मात्र मी त्याला सगळं सांगितलं, रंगासकट.

मावसभावाचं नाव त्याने सांगितलं. मग म्हणाला, "डॉक्टरांकडे जाऊ. मी येतो."

"आणि ते हो म्हणाले तर?"

"तर हो म्हणाले."

मला त्याचा इतका राग आला. त्याने 'तसं काही नसेल' असं म्हणायला हवं होतं. इतकी वर्षं संसार करून एवढंही खोटं बोलता येऊ नये माणसाला? पण रागावर झोप तरी लागली.

डॉक्टरांकडे जायचं ठरलं, आणि त्याच्या आधीच आमचा एक नेहमीचा रंगारी दुकानात आला. उंच, सदा कुरकुरणारा माणूस. मागच्या खोलीच्या दारात उभा राहून म्हणाला, "मावशी, दातवाल्या बाईंचा तो रंग, अजून एक डबा करून द्या."

"संपला कसा? मी मोजून दिला होता."

"मी नाही संपवला. कबुतराने संपवला."

मी हातातला चमचा खाली ठेवला. "काय म्हणालात?"

"अहो, बाल्कनीची भिंत रंगवत होतो. ट्रे भरून खाली ठेवला आणि शिडीवर चढलो. तर एक कबुतर आलं आणि बसलं की थेट ट्रेमध्ये. आंघोळीचं पाणी वाटलं असेल त्याला. चांगलं छाती टेकून बसलं. मी ओरडलो तर फडफड करून ट्रे उलटा केला आणि उडालं. फरशी रंगली, माझी चप्पल रंगली. आणि बाई ओरडल्या कोणावर? माझ्यावर."

"छातीला लागला रंग?"

"छातीला, आणि एका पंखाच्या..."

"कडेला," मी म्हणाले.

"तुम्हाला काय माहीत?"

मी थिनरच्या पिंपावर बसले आणि रडायला लागले. हुंदके देऊन, लहान मुलीसारखी. रंगारी गडबडला. "अहो मावशी, मेलं नाही ते. मजेत आहे. रोज येतं तिथेच, मला छळायला."

मला ते बघायचंच होतं. ॲप्रन काढला आणि पुढे आले. मालकांनी विचारलं कुठे चाललात. म्हटलं, कबुतर बघायला. त्यांनी पहिल्यांदाच मोबाईलमधून मान वर केली.

दवाखान्याच्या बाल्कनीत रंगाऱ्याने मला शिडीआड उभं केलं. बाकीची कबुतरं कठड्यावर घुमत होती. त्यांच्यात ते होतं. छातीवरचा रंग आता विटला होता, पिसं चिकटून गोळा झाली होती, पण रंग तोच. माझा. थेंबाथेंबाला माझा. ते मान पंखाआड घालून चिकटलेली पिसं सोडवत होतं, म्हणूनच मला चोच दिसली नव्हती. इतकं भिकार, इतकं रोजचं कबुतर मी आयुष्यात एवढ्या प्रेमाने पाहिलं नसेल. "मेल्या," मी त्याला म्हणाले, "माझा जीव घेतला असतास ना." ते उडून गेलं.

नवऱ्याला मी जिन्यातूनच फोन केला. तो हसला, मग त्याने नाक ओढल्याचं ऐकू आलं. डॉक्टरांना फोन करून नको म्हणून सांगू का, असं त्याने विचारलं. सांगा म्हटलं.

आता राहिला छोट्या. त्याचे मी कान उपटणार होते. खोटं बोलून बहिणीला फसवतोस काय, कुठला जांभळट पक्षी पाहिलास तू, असं म्हणायचं, आणि मग कबुतराची गोष्ट सांगायची, आणि दोघांनी पोट दुखेपर्यंत हसायचं. दुकान सुटल्यावर मी घरी न जाता त्याच्या गल्लीत वळले. तीन जिने मी कधी चढले ते कळलंही नाही.

दार लोटलेलं होतं. तो कामावरून येऊन खुर्चीत बसला होता. बूटही काढले नव्हते. मला बघून त्याने चटकन ओठांवर बोट ठेवलं.

"हळू," तो कुजबुजला. "घाबरतो तो."

मला वाटलं आत कुणी झोपलंय. मी इकडे तिकडे पाहिलं. एकच खोली आहे त्याची. पलंग रिकामा होता, स्वयंपाकाच्या ओट्यावर धुतलेला एक कप पालथा होता.

"कोण रे?" मीही कुजबुजले.

त्याने हनुवटीने वर दाखवलं. खिडकीच्या पडद्याच्या दांडीकडे. त्याच्या चेहऱ्यावर हसू होतं, पाहुण्याला घर दाखवताना असतं तसं. मी दांडीकडे पाहिलं. दांडी होती, पडद्याच्या कड्या होत्या.

"हल्ली सकाळ-संध्याकाळ येतो," छोट्या म्हणाला. "आधी नुसता सकाळी यायचा. खिडकी बंद असली तरी येतो, कुठून शिरतो कळत नाही. तू बाहेर पाहिलास, म्हणजे त्याची फिरायची जागा तिकडे असेल." त्याने माझ्याकडे न बघताच पुढे सांगितलं, "बरं झालं तू त्या दिवशी विचारलंस, ताई. मला झोप नव्हती. बाबांचं ते पिल्लू सारखं आठवायचं. कारखान्यात कुणाला बोलायची सोय नाही, पात्यावर उभंच करणार नाहीत. मी तर डॉक्टरांची वेळसुद्धा घेतली होती. तू म्हणालीस तुलाही दिसला, मग फोन करून नको म्हणून टाकलं. खऱ्या पक्ष्यासाठी कोण डॉक्टरकडे जातं?"

इतके दिवस मी स्वतःची बोटं बघत होते, स्वतःची पावलं, स्वतःची विसरलेली नावं. धाकट्याकडे एकदाही पाहिलं नव्हतं. तो धाकटा होता. त्याचा नंबर माझ्यानंतर होता. आणि माझ्यापुढे त्याने दोन्ही हातांनी माप दाखवलं होतं, बाहेरच्या पक्ष्याचं नव्हे, याचं.

गप्प बसता आलं असतं. तो सुखात होता. माझ्या एका होकारावर इतके दिवस तो शांत झोपत होता, आणि तो होकार मी आज काढून घ्यायला आले होते, हसत हसत, तीन जिने चढून. पण सकाळी तो पुन्हा त्या पात्यावर उभा राहणार होता. डॉक्टरांना पुन्हा फोन करायला हवा होता, आणि तो करायचा तर आधी हे सांगायला हवं होतं, आणि सांगणारं माझ्याशिवाय कोणी नव्हतं.

मी पलंगाच्या कडेवर बसले. "छोट्या, माझा पक्षी सापडला."

"कोणता निघाला?" त्याने उत्सुकतेने मान वळवली.

"कबुतर."

"काहीतरीच."

"खरंच. साधं कबुतर. दातांच्या दवाखान्यात रंगाऱ्याच्या ट्रेमध्ये जाऊन बसलं होतं. मीच कालवलेला रंग. आत्ता बघून आले मी त्याला."

तो हसला. चांगला मोकळा हसला, मांडीवर थाप मारून, आवाज खाली ठेवायचा आहे हेही विसरला. मीही हसायचा प्रयत्न केला. मग त्याचं हसू हळूहळू कमी होत गेलं. त्याने माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग वर दांडीकडे, मग पुन्हा माझ्याकडे. बुटातले त्याचे पाय एकमेकांजवळ आले.

"मग हा कोणता?" त्याने विचारलं.

मी पडद्याच्या दांडीकडे पाहिलं. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, मग पुन्हा पहिल्यापासून. खूप वेळ पाहत राहिले, कारण मला तो दिसायला हवा होता.